वह्यांचे तास कोण धरणार?

‘अर्धा दिवस काम, वर मोठ्या सुट्ट्या, मग पगार कमी असला तर बिघडलं कुठे’ असं शिक्षकांबद्दल म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. मी सात वर्षं गणित शिकवलंय. चाळीस मुलांचा वर्ग, एका वहीला पाच मिनिटं धरली तरी तीन तास वीस मिनिटं होतात. असे वर्ग चार. आणि पाच मिनिटांत नुसती बरोबर-चूक खूण होते हो, पोरगं हातचा नेमका कुठे विसरलं हे शोधायचं तर वही घेऊन बसावंच लागतं. हे सगळं घरी, रात्री. एका पालकांनी तर मला सरळ विचारलं होतं, ‘शाळा सुटल्यावर दुसरं काय करता?’

आता पगाराबद्दलही सांगतो. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसच्या परिषदेत शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस मंजूर झाली. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या दोघींची ती मिळून आहे. कामाचे तास ठरवताना पाठाची तयारी आणि वह्या-पेपर तपासणं हिशेबात घ्या, आणि तेवढंच शिक्षण लागणाऱ्या इतर पेशांच्या तोडीचा पगार द्या, असं तीत आहे. जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला असतो तो त्यावरूनच, १९९४ पासून. पण ती पडली शिफारस, करार नव्हे, त्यामुळे कुठल्याच सरकारवर बंधन नाही. शुभेच्छा मात्र दरवर्षी न चुकता येतात.