चाई फक्त डोक्यापुरती नसते
चाई म्हणजे केस गोल चट्ट्यांनी गळणं. कुणीतरी लिहिलंय, ‘चाईला कांद्याचा रस चोळा, बाकी काही नसतं.’ असतं हो! माझ्या भाचीच्या कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, तर त्वचेच्या डॉक्टरांनी आधी तिची नखं पाहिली. टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते त्यांवर, चाईत तेही दिसतात. मग थायरॉईड तपासायला सांगितला. शरीराची प्रतिकारशक्ती जशी केसांच्या मुळांवर उलटते, तशी थायरॉईडवर किंवा त्वचेच्या रंगपेशींवरही उलटू शकते. रंगपेशींवर उलटली की कोड येतं. इसब, दमाही अशा लोकांत जास्त दिसतो.

आणि केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. भाचीचा पहिला रिपोर्ट त्यामुळेच वाया गेला. गोळ्या थांबवून पुन्हा केला, तेव्हा थायरॉईडला काम करायला लावणारा टीएसएच हार्मोन वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड मंदावलेला.