सेलिब्रिटींची ऑटोग्राफवाली सही आणि चेकवरची सही वेगळी का असते?

बोरूबहाद्दर:
बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. मोठे लोक फॅनला एक सही देतात आणि बँकेच्या कागदावर दुसरीच करतात असं बऱ्याचदा ऐकलंय. त्यात ऑटोग्राफ म्हणजे तरी काय, पहिलं अक्षर जेमतेम लागतं, पुढे नुसती रेघ. मग वहीत सही पडते ती त्या माणसाची की त्याच्या नावाची?

शाईचा डाग:
वेगळी ठेवतात ते बरंच करतात की, खरी सही गावभर वाटली तर उद्या कोणीही चेकवर गिरवेल. आणि रांग संपत नाही, मागून मॅनेजर घाई करतोय, मग अक्षरं गळणारच. कुठल्याही नटाची सुरुवातीची आणि नाव झाल्यानंतरची सही शेजारी ठेवून बघा, आधी सुवाच्य नाव-आडनाव, नंतर गांडूळ.

रिकामटेकडा:
त्या माणसाने केलेली असेल तर नशीब समजा! बीटल्स बँडच्या कितीतरी सह्या त्यांच्या रोड मॅनेजरांनीच (दौऱ्यांची व्यवस्था बघणाऱ्यांनी) ठोकल्यात, हॉलिवूड नटी जीन हार्लोच्या फोटोंवर तिची आई सही करायची. २०२२ मध्ये गायक बॉब डिलनचं ५९९ डॉलरचं 'स्वहस्ते सही केलेलं' पुस्तक आलं, लोकांनी आपापल्या प्रती ताडून बघितल्या तर सह्या ऑटोपेनच्या, म्हणजे सही हुबेहूब गिरवणाऱ्या मशीनच्या, प्रकाशकाला पैसे परत करावे लागले आणि डिलनने माफी मागितली. मजकूर तर तोच होता ना, तरी लोक खवळले. म्हणजे पैसे मोजले होते ते त्याचा हात इथे लागला यासाठी, नाव तर छापलेलं होतंच.

खोडरबर:
@रिकामटेकडा हे खऱ्या फॅनपुरतं ठीक, बाजाराला हाताशी काय देणंघेणं. नील आर्मस्ट्राँगने सह्या देणं बंदच केलं, कारण लोक घ्यायचे आणि विकून मोकळे व्हायचे. स्टीव्ह जॉब्सचं १९८३ चं पत्र आहे, 'मी ऑटोग्राफ देत नाही' असं कळवलंय आणि खाली सही 😄 २०२१ च्या लिलावात ते चार लाख डॉलरच्या वर गेलं.

बोरूबहाद्दर:
कमाल आहे. पण मशीनची सही ओळखायची कशी?

रिकामटेकडा:
दोन सह्या एकावर एक ठेवून उजेडात धर. माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत, मशीनच्या जुळतात. शिवाय पेनचा दाब सगळीकडे सारखाच असतो, आणि सुरुवातीला नि शेवटी बऱ्याचदा शाईचा बारीक ठिपका दिसतो.