जुने फोटो जोडताना जवळचं कुंपण तुटतंय, मदत हवी आहे
जुने डिजिटल फोटो चाळताना एकाच डोंगररांगेचे, कॅमेरा हातात धरून ओळीने काढलेले फोटो सापडले. शेजारच्या फोटोंत जवळपास एक तृतीयांश भाग सामाईक आहे, म्हणून हगिन या फोटो जोडून पॅनोरामा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून पाहिले. लांबचे डोंगर इतके सुरेख जुळले की मन हरखून गेलं! जवळचं कुंपण मात्र जोडावर तुटतं, कुठे दुहेरी दिसतं. कॅमेरा फिरवताना जागेवरून थोडा सरकला असणार, म्हणजे हा पॅरॅलॅक्सच (कॅमेऱ्याची जागा बदलल्याने जवळची वस्तू लांबच्या दृश्यापुढे सरकलेली दिसणं). अशा वेळी कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंतले जुळवायचे सारखे बिंदू) फक्त लांबच्या भागावर ठेवून एका फोटोतलं कुंपण मास्क करावं, म्हणजे झाकून वगळावं का? की जोडाची रेषाच त्याला वळसा घालून न्यावी? शिवाय ऑटो एक्स्पोजरमुळे, म्हणजे कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोचा उजेड आपोआप वेगळा ठरवल्याने, आकाशात पट्टे आलेत. फोटोंचा उजेड आधी सारखा करायचा की ते काम ब्लेंडिंगवर (जोडाच्या कडा एकमेकांत मिसळण्यावर) सोडायचं? हे दृश्य अखंड पाहायची फार इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.