नियम आणि करुणा: लूकमधील एक प्रसंग

नियम सैल सोडले की श्रद्धेचा कणाच मोडतो, हा आपला मुद्दा मला पूर्णपणे फेटाळता येत नाही. मात्र लूकच्या शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकातील) तेराव्या अध्यायातला एक प्रसंग त्याच्याशी ताडून पाहावा असे वाटते. 18 वर्षे कमरेत वाकलेल्या, मुळीच सरळ उभे राहता न येणाऱ्या एका स्त्रीला येशू शब्बाथाच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या यहुदी विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात (यहुदी प्रार्थनागृहात) बरे करतो, तेव्हा तिथला अधिकारी संतापून लोकांना सांगतो की कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. (राग येशूवर आणि बोल मात्र लोकांना, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.) त्याचे म्हणणे वरवर पाहता अवाजवी नाही, कारण जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची मुभा यहुदी परंपरेत आहेच आणि या बाईच्या जिवाला धोका नव्हता, 18 वर्षे थांबली ती आणखी एक दिवस थांबली असती. येशूचे उत्तर नेमके याच जागी बोट ठेवते: शब्बाथाला तुम्ही बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता, मग अब्राहामाच्या (यहुद्यांच्या मूळ पुरुषाच्या) या लेकीला बंधनातून सोडवू नये काय? मूळ ग्रीकमध्ये जनावर सोडण्यासाठी आणि तिला सोडवण्यासाठी एकच क्रियापद आहे.

याला नियम धाब्यावर बसवणे म्हणता येणार नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू नियमाने अशुद्ध ठरलेल्या कुष्ठरोग्याला आधी हात लावून बरे करतो आणि त्यानंतर, यहुदी नियमशास्त्र देणाऱ्या मोशेने नेमून दिलेले अर्पण करण्यास सांगून, त्याला नियमाप्रमाणे याजकाकडे (पुरोहिताकडे) पाठवतो.