हलत्या जहाजावर हेलिकॉप्टर नेमकं कधी टेकवतात?

कोकण्या७: डेक वरखाली होतंय, डुलतंय पण, अशात पायलट कसं ठरवतो की आत्ताच उतरायचं? अंदाजपंचे तर नसणार ना

दर्यावर्दी: लाटा एकसारख्या येत नाहीत रे, मोठ्या लाटांचा घोळका येतो मग थोडा वेळ जहाज बऱ्यापैकी शांत होतं, तेवढे सेकंद पकडायचे. हेलिकॉप्टर डेकच्या वर हॉवर करत थांबतं, डेकवरचा लँडिंग ऑफिसर जहाजाची चाल बघत असतो, तो बोलला की खाली. कॅनडाच्या नेव्हीने तर १९६० च्या दशकात बेअरट्रॅप काढला, हेलिकॉप्टरमधून बारीक दोर सोडायचा, त्याने डेकवरची जाड केबल वर घ्यायची आणि मग विंचने खाली खेचायचं, टेकलं की सापळा पकडतो. सी किंगसारखं धूड त्यांनी छोट्या जहाजांवर असंच उतरवलं. नाव पण काय, अस्वलाचा सापळा 😄

कोकण्या७: मग ११ जानेवारी २०२० ला नेव्हीचं तेजस लढाऊ विमान विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरलं तेव्हा पण असंच थांबले का?

हुकवाला: छे, विमान हवेत थांबेल कसं. डेक फार उसळतंय वाटलं तर लँडिंग ऑफिसर वेव्ह-ऑफ देतो, परत फेरी मारून या. आणि टेकल्या टेकल्या इंजिन फुल, विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवर ताणलेल्या, विमान थांबवणाऱ्या वायरला नाही लागला तर थेट उडायचं. आधी गोव्यात आयएनएस हंसावर, म्हणजे नेव्हीच्या विमानतळावर, जमिनीवरच वायर ताणून टेस्टिंग झालं होतं, पण तिथली जमीन डुलत नाही ना भाऊ

कोकण्या७: आमच्या होडीतून जेट्टीवर उडी मारताना पण लाट वर आली कीच पाय टाकतो, तसंच झालं की हे