अनुभव धागा: पहिली पेल एल आणि तो कडूपणा

काल लेकाने सिएरा नेवाडा पेल एल ही अमेरिकन बिअर आणली. बाटली उघडली आणि पपनसाच्या सालीचा वास आला. एकदम सॅन होजेतले नोकरीचे पहिले दिवस आठवले. तोवर मुंबईची थंडगार लागर, म्हणजे हलकी, कमी कडू बिअर एवढंच माहीत. ऑफिसातल्या लोकांनी हीच हातात दिली होती. वासावरून वाटलं गोड असेल, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी असा कडूपणा बसला की आजीचा काडेचिराईताचा काढा आठवला! आता तोच कडूपणा हवासा वाटतो. तुमचं कसं झालं? लिहा.

पोटोबा: काढ्याला सोबत खारे शेंगदाणे नसायचे, हा फरक आहे 😄

हॉप्सवाला: वास आणि कडूपणा दोन्ही हॉप्सचेच (बिअरमध्ये टाकतात ती वेलीची फुलं), पण वेळ वेगळी. मी बिअर घरी करतो (ओरेगन). सुरुवातीला टाकून तासभर उकळले की त्यातली अल्फा आम्लं बदलून आयसो-अल्फा होतात आणि कडूपणा उतरतो. वास मात्र वाफेबरोबर जातो. म्हणून गॅस बंद करताना परत टाकायचे. तुमच्या बाटलीत कॅस्केड जातीचे, पपनस त्यांचंच.

चिंचगुळ: ते आयबीयू काय असतं? मेनूत 60 बघून घाबरून मी व्हीट (गव्हाची) बिअरच मागवते

हॉप्सवाला: कडूपणाचं माप. लिटरमागे साधारण 1 मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल म्हणजे 1 आयबीयू. सिएरा नेवाडा 38. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. गिनेस ही काळी आयरिश बिअर पण चाळिशीच्या आसपास, ती कुठे एवढी कडू लागते? माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दणकट असला की कडू झाकतो. हलक्या बिअरमध्ये 30 पण टोचतात.

कोथरूडकर: पुण्यात डुलाली (स्वतःची बिअर बनवणारा पब) 2009 ला आली तेव्हा आमचा अख्खा ग्रुप व्हीटवर. पेल एल मागवणारा मी एकटा. सगळे एकेक घोट घेऊन तोंड वाकडं करायचे आणि ग्लास परत माझ्याकडे. बरंच होतं की 😂 घाईत आहे, बाकी रात्री लिहितो

रानफूल: आमच्याकडे उलटं. नवऱ्याला कडू कळतच नाही, मला मेथीसुद्धा झोंबते. जनुकांचा भाग असतो म्हणे. सासूबाई म्हणतात नखरे.

चिंचगुळ: @रानफूल सासूबाई बिअर पितात?? 😳

रानफूल: मेथीबद्दल म्हणतात गं!!

बाल्कनीबाबा: हिरवी बाटली उन्हात ठेवू नका कोणी. उजेडाने हॉप्समधले घटक तुटतात आणि घाण वास सुटतो. आमच्या गच्चीवरच्या पार्टीत सगळ्यांना वाटलं बिअरच अशी कडवट. तपकिरी बाटली किंवा कॅन बरा.

मडगावकार: एप्रिलात गोव्याला या, ताजा उर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) पाजतो. लिमका, मीठ, चिरलेली मिरची. कडू नाही न काही नाही.

पोटोबा: मीठ म्हटलंत म्हणून, खारे दाणे खाऊन घोट घ्या, कडूपणा खरंच कमी लागतो. मीठ कडू दाबतं.

चिंचगुळ: मडगावकार, उर्राक मुंबईला नेता येतो का? एसटीने येणार आहे

मडगावकार: परमिट लागतं. हंयच पियो आनी वच 😄