मदत हवी आहे : 'ऑपरेटरची चूक' याच्या पुढे विचार करायला शिकायचं कसं?

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, नाशिकला अंबडमध्ये एका व्हेंडरकडे चार वर्षं क्वालिटीत आहे. सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणारं मशीन) बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, करतो. 25 एच7 बोअर, म्हणजे आतलं भोक 25 मिमीचं आणि त्यावर सगळी मिळून 21 मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग) मुभा. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा बोअर ओव्हरसाइजची तक्रार आली आणि माझा 8डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा आठ पायऱ्यांचा फॉर्म) परत आला. रूट कॉजच्या, म्हणजे मूळ कारणाच्या, रकान्यात तिन्ही वेळा एकच: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ट्रेनिंग दिले. कस्टमरकडच्या माणसाने फोनवर विचारलं, "शिकत कोण नाहीये, तो की तुम्ही?" कान लाल झाले.

टोयोटाचे पाच 'का' (मूळ कारण सापडेपर्यंत 'का' विचारत जाणं), इशिकावांचा माशाचा सांगाडा (कारणं गटवार मांडायची आकृती), सगळं पाठ आहे. पण कागद घेऊन बसलो की दुसऱ्या 'का'लाच गाडी ऑपरेटरवर येऊन थांबते. साहेब म्हणतात डोकं चालव. (कसं, ते सांगत नाहीत.) कोर्स, पुस्तक, सवय, काहीही सुचवा. शनिवारी सुट्टी असते.

प्रतिसाद

कोर्स राहू द्या. तुम्ही 'का'वर फार लवकर उडी मारताय. आधी कधी, कुठे, कोणत्या मशीनवर ते बघा, आणि कुठे होत *नाही* तेही. तोच माणूस बाकीचे शेकडो पीस बरोबर काढतो ना? मग त्या दहा-बारालाच काय झालं? रिजेक्शन रजिस्टरमध्ये प्रत्येक पीससमोर तारीख आणि वेळ मांडा. आणि अर्धा तास मशीनपाशी नुसते उभे राहा, हातात फॉर्म न घेता. फॉर्म दिसला की माणसं गप्प होतात.

धागाकर्ता

आठवड्याने लिहितोय. 17 पैकी 12 पीस पहिल्या शिफ्टच्या पहिल्या तासातले निघाले, त्यातही बरेचसे रविवारचे! शनिवारभर मशीन बंद, त्यात सध्याची थंडी. दोन नंबरच्या मशीनवरचे मामा म्हणाले, "स्पिंडल, बॉल स्क्रू (मशीनचे फिरणारे भाग) तापेपर्यंत साइज सरकतेच. मी पहिले पंधरा पीस एकेक मोजतो. नवी पोरं आल्या आल्या ऑफसेट मारतात (मशीनवर टूलची जागा आकडा टाकून सरकवतात) आणि मग दहाला एक मोजतात." आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाले, "ट्रेनिंगच्या कागदावर सही घ्यायला आलास, तेव्हा घाईत होतास."

आता अडचण दुसरीच. सकाळी 20 मिनिटं मशीन रिकामं फिरवून तापवायचं म्हटलं तर प्रॉडक्शनवाले अंगावर येतात. त्यांचं म्हणणं, 20 मिनिटांत किती पीस निघतात ते मोज. मी परत आलेल्या लॉटचं सॉर्टिंग (चांगले-वाईट पीस वेगळे करणं) आणि गाडीभाडं मांडून दाखवायचं म्हणतोय. असा हिशोब कोणी केलाय का? त्यात आणखी काय धरता?